दहावी मॅच

सुशीलदादा नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन फार्मसीत शिरला, तेव्हाच नीलांबरीला कळायला हवं होतं. हा माणूस रिकाम्या हाताने आला तर काम त्याचं असतं आणि डबा घेऊन आला तर काम जास्त वाईट असतं. पण बुधवारची दुपार होती, वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलचे निम्मे म्हातारे कोविडच्या लशीसाठी खुर्च्यांवर बसले होते, आणि ती गोळ्या मोजत होती. तिने नुसतं हसून मान हलवली.

"मुग्धाने दिल्यात खास तुझ्यासाठी," तो म्हणाला. "दोन मिनिटं आहेत का गं नीलू?"

ती त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे औषधांची खोकी, एक फ्रीज आणि एकच खुर्ची होती. खुर्चीवर तो बसला.

"शनिवारी तू जरा बस," तो म्हणाला.

"कुठे बसू?"

"बेंचवर गं. फायनलला. मांडी धरलीय असं डेबला सांग. हॅमस्ट्रिंग. तुझ्या वयात कोणाला शंकासुद्धा येणार नाही."

नीलांबरी चौतीस वर्षांची होती. वेलिंग्टन सदर्लीज या हॉकी टीमची ती गोलकीपर. दक्षिणेकडून येणाऱ्या त्या हाडं गोठवणाऱ्या वाऱ्याचं नाव टीमला दिलेलं, आणि टीमचा जनरल मॅनेजर म्हणजे खुर्चीवर बसलेले हे सुशीलदादा. शनिवारी बायकांच्या लीगची फायनल होती, तीही घरच्या टर्फवर. लीग सुरू होऊन तीन वर्षं झाली होती आणि सदर्लीज पहिल्यांदाच तिथवर पोचल्या होत्या. मागच्या सलग नऊ मॅचेस गोलमध्ये नीलांबरी उभी होती.

"माझी मांडी ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"मला माहितीये. पण माझी कॅप ठणठणीत नाहीये."

मग त्याने तिला समजावून सांगितलं. अगदी प्रेमाने, लहान मुलीला गणित शिकवावं तसं, आणि तिला राग यायला सुरुवात झाली ती तिथून. सॅलरी कॅप म्हणजे टीमने सगळ्या खेळाडूंना मिळून सीझनभरात किती द्यायचं त्याची वरची मर्यादा. दोन लाख चाळीस हजार डॉलर. बोनस मिळेल असं दिसत असेल, तर तो आधीच त्या मर्यादेत धरावा लागतो. मिळणं कठीण असेल तर बाहेर ठेवता येतो. पण तो कठीण बोनस खेळाडूने मिळवलाच आणि टीम मर्यादेच्या वर गेली, तर वरची रक्कम पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून कापतात.

"तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये काय आहे? दहा मॅचेस खेळलीस तर चौदा हजार. फायनल धरून. तू दुसरी गोलकीपर होतीस गं. दुसरी गोलकीपर दहा मॅचेस खेळते कधी? म्हणून मी तो बाहेर ठेवला. आता पहिलीचा, ब्रिजेटचा, गुडघा जाईल हे मला काय स्वप्न पडलं होतं?" त्याने डब्याचं झाकण उघडून एक वडी स्वतःच तोंडात टाकली. "आपण कॅपच्या खाली आहोत दोन हजारांनी. तुझे चौदा आले की बारा हजारांनी वर. ते बारा पुढच्या वर्षी कापणार. मग केटला काय देऊ? ती ऑस्ट्रेलियाला परत जाईल. पंधरा गोल केलेत तिने."

"आणि मी किती अडवलेत ते मोजलंत का?"

"चिडू नकोस ना. पाच हजार मी देतो तुला. जानेवारीत, माझ्या फर्मकडून. तू हिशेबाचं काहीतरी काम केलंस असं दाखवू. कॅपमध्ये दिसणार नाही. डेबला यातलं काही सांगायचं नाही हां. ती कोच आहे, तिला हे कळत नाही."

म्हणजे असं होतं तर. डेब तिला कधीच बसवणार नव्हती. डेबला जिंकायचं होतं. म्हणून नीलांबरीने स्वतःच्या तोंडाने स्वतःला बसवायचं होतं.

"मी बघते," ती म्हणाली, कारण बाहेर काउंटरवर घंटा वाजत होती आणि दुसरं काही बोलली असती तर ते खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनी ऐकलं असतं. त्याने 'बघते'चा अर्थ होकार असा घेतला. आपल्यात तो तसाच घेतात.

*

उरलेली दुपार तिने दातओठ खात काढली. एका आजोबांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या देताना तिने पाकीट इतक्या जोरात आपटलं, की ते "यू ओके, लव्ह?" म्हणाले.

राग सुशीलदादाचा होताच, पण त्याच्या दुप्पट स्वतःचा होता. कारण तो कागद तिने वाचलाच नव्हता. ऑगस्टच्या शेवटी गणपतीत, दादाच्या घरी, आरती झाल्यावर, मोदकाच्या ताटाशेजारी तिने सही केली होती. पगार अवघा सहा हजार आणि बोनस चौदा हजार, हे बघून तिने एकदा विचारलं होतं, हे असं उलटं का? तो म्हणाला होता, "पगारात दाखवला तर कॅपला लागतो गं. बोनसमध्ये टाकतो. मी आहे ना, बिनधास्त राहा." क्लबातल्या मुली सांगत होत्या, खेळाडूंच्या संघटनेची वकील आहे, फुकट वाचून देते, दाखव तिला. नीलांबरीला त्याचीच लाज वाटली. घरच्या माणसाचा कागद वकिलाला दाखवायचा? मुग्धावहिनी समोर मोदकावर तूप घालत होत्या. पेनसुद्धा त्यांनीच शोधून दिलं.

आणि दादा घरचा होता हे काही खोटं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ती आणि वरुण दोन बॅगा आणि पोटातली ऋग्वेदा घेऊन वेलिंग्टनला उतरले, तेव्हा विमानतळावर मराठी मंडळातर्फे हाच माणूस आला होता. पंधरा दिवस त्याच्या घरी राहिले. घर त्याने शोधून दिलं, फार्मसिस्टच्या परीक्षेची पुस्तकं त्याने आणून दिली. खडकीत वाढलेली, महाराष्ट्राकडून खेळलेली मुलगी शनिवारी क्लबात हौशी हॉकी खेळते हे त्यानेच पाहिलं आणि तिला लीगमध्ये आणलं. तेहतिसाव्या वर्षी नीलांबरीला पुन्हा कोणीतरी "तू खेळ" म्हणालं होतं. त्या दोन शब्दांसाठी तिने फार्मसीचे पाच दिवसांचे तीन केले. उरलेल्या दोन दिवसांचा पगार बोनसमधून भरून निघेल, असं तिने धरलं होतं.

पण आता पैसे ही गोष्ट मागे पडली होती. तिला दहावी मॅच हवी होती. फायनलला गोलमध्ये उभं राहायचं होतं. पुढच्या वर्षी कोण तिला घेणार होतं?

घरी आल्यावर तिने वरुणला सांगितलं. वरुण हॉस्पिटलमध्ये नर्स होता, नुकताच शिफ्ट संपवून आला होता, आणि सोफ्यावर पाय पसरून त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"पाच हजार तर देतोय ना तो?" वरुण म्हणाला.

"काय?"

"नाही, म्हणजे, दादांनी आपल्यासाठी केवढं केलंय. एक मॅच. सोड ना नीला."

"एक मॅच?" ती ओरडली. "अरे, नऊ केल्यात मी! तू सी-सेक्शन चालू असताना अर्ध्यात बाहेर येतोस का? 'उरलेलं सोड' म्हणून?"

ऋग्वेदा तिच्या खोलीतून बाहेर आली. "मम, आर यू नॉट प्लेइंग? आय टोल्ड माय होल क्लास."

"खेळणार आहे," नीलांबरी म्हणाली. "तू झोपायच्या आधी दात घास."

"इट्स सिक्स ओ'क्लॉक, मम."

*

गुरुवारी सकाळी मेसेज आला. सुशीलदादा लीगच्या कामाचे सगळे मेसेज इंग्रजीतून पाठवायचा, पूर्णविरामांसकट, कारण ते ऑफिसच्या फोनवरून जायचे आणि सीझन संपला की लीगचे लोक तपासायचे. हा मात्र मराठीत होता.

'नीलू, डेबला आज सांगून टाक. मांडी धरलीय म्हण. टेस उभी राहील. पाच हजार जानेवारीत माझ्या फर्मकडून, कॅपमध्ये दिसणार नाही. हे आपल्यातच.'

तिने तो दोनदा वाचला. हा माणूस वीस वर्षं हिशेबतपासनीस होता. लोकांच्या चुका पकडण्याचे पैसे घ्यायचा. आणि तोच आता आपल्या हाताने सगळं लिहून देत होता, का, तर मराठीत लिहिलंय. मराठीत बोललं की ते घरातलं, उंबऱ्याच्या आतलं, तिथे ना लीग येणार ना नियम. नीलांबरीला हसू येण्याऐवजी आणखी संताप आला. कारण तिनेही मोदकाच्या ताटाशेजारी सही करताना हेच धरलं होतं.

तिने उत्तर दिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याचे दोन मिस्ड कॉल आले. तेही तिने घेतले नाहीत.

वड्या ऋग्वेदाने आणि वरुणने मिळून संपवल्या. तिने एकही खाल्ली नाही. डबा स्टीलचा होता, तळाशी 'मुग्धा सु.' अशी अक्षरं कोरलेली, लग्नात आलेला असणार. तिने तो घासला, पुसला, आणि सवयीने त्यात ओंजळभर साखर घातली. कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे तिला आईने शिकवलं होतं, आणि मुग्धावहिनींशी तिची नऊ वर्षं अशीच देवाणघेवाण चालली होती. वड्या आल्या की चिवडा जायचा, चिवडा गेला की लोणचं यायचं. झाकण लावता लावता ती थांबली.

तिने साखर परत बरणीत ओतली. वहिनींचा काय दोष, असं तिला वाटलं आणि वाईटही वाटलं. पण डबा पुन्हा एकदा पुसून, तसाच रिकामा, तिने हॉकीच्या बॅगेत टाकला.

*

शुक्रवारी चार वाजता शेवटचा सराव संपला. वारा असा होता की पेनल्टी कॉर्नरला ठेवलेला चेंडूसुद्धा जागेवर थांबत नव्हता. सोळा जणी घाम पुसत क्लबरूममध्ये येऊन बसल्या. डेबने फळ्यावर टीम लिहायला घेतली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. तिने गोलकीपरच्या जागी 'नीला' लिहिलं.

"डेब, जस्ट अ सेकंड," दारातून आवाज आला.

सुशीलदादा आत आला. टीमचं जॅकेट, चेहऱ्यावर काळजी. काळजी इतकी खरी वाटत होती की क्षणभर नीलांबरीला वाटलं, खरंच कोणाला तरी लागलंय.

तो इंग्रजीत म्हणाला की नीलाची हॅमस्ट्रिंग बुधवारपासून दुखतेय, ती बिचारी स्वतः सांगणार नाही, पण फायनलमध्ये धोका पत्करणं बरोबर नाही. टेस तयार आहे. टेस तयार नव्हती. ती राखीव गोलकीपर अठरा वर्षांची होती आणि हे ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

डेब वळली. "नीला? तू आत्ता तासभर पॅड्स घालून उड्या मारत होतीस."

सोळा तोंडं तिच्याकडे फिरली. आणि सुशीलदादा सगळ्यांसमोर, हसऱ्या चेहऱ्याने, मऊ आवाजात तिला मराठीत म्हणाला, "हो म्हण नीलू. शहाणी ना माझी? इथे तमाशा नको. तुझ्या पहिल्या दिवसापासून मी तुमच्यासाठी केलंय, त्याची आठवण ठेव."

खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, तो तिची विचारपूस करतोय. कॅप्टन मारामाने तर सहानुभूतीने मानसुद्धा हलवली. नीलांबरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात खोटं घातलंस ते घातलंस, आणि वर माझ्याच भाषेत, माझ्याच लोकांसमोर, मला दम देतोस?

ती उभी राहिली. "माझी मांडी दुखत नाहीये," ती इंग्रजीत म्हणाली. "सुशीलने मला आत्ता काय सांगितलं ते सांगते. आणि काल काय लिहिलं तेही."

तिने फोन काढला आणि मेसेज वाचला. एकेक वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत. मांडी धरलीय म्हण. पाच हजार जानेवारीत. कॅपमध्ये दिसणार नाही. हे आपल्यातच. तो आत्ता काय म्हणाला तेही तिने सांगितलं, आणि दहाव्या मॅचच्या चौदा हजारांचंही.

 मग केट, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती, खुर्चीतून अर्धवट उठली. "म्हणजे हे लीगला कळलं तर आपले पॉइंट्स जातील? फायनलच्या आदल्या दिवशी? तू रविवारी बोलू शकत नव्हतीस? चौदा हजारांसाठी?"

"हो, चौदा हजारांसाठी," नीलांबरी म्हणाली. "माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेत ते. तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेले तू सोडतेस का? मला ते पैसे हवेत आणि मला गोलही हवाय. दोन्ही माझे आहेत. रविवारी बोलले असते तर उद्या गोलमध्ये कोण असतं?"

केट परत खुर्चीत बसली. टेसने हळूच हात वर केला, शाळेत करतात तसा. "आय डोन्ट वॉन्ट टू स्टार्ट," ती म्हणाली. "सॉरी."

डेबने पेनचं टोपण लावलं. "सुशील, हे खरं आहे?"

तो डेबकडे बघतच नव्हता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो नीलांबरीकडे बघून मराठीतच बोलत होता, भराभर, "घरातलं असं चारचौघांत काढतात? एवढी सगळी माझ्या जिवावर उभी राहिलीस, आणि आता मंडळात मला तोंड दाखवायला..."

"इंग्लिशमध्ये बोला, सुशील," नीलांबरी म्हणाली. हे तेवढं ती मराठीत म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने दादा लावलं नाही. "सगळ्या थांबल्यात. सगळ्यांना कळू दे."

त्याचं इंग्रजी फार चांगलं होतं. तो मंत्र्यांच्या स्वागताची भाषणं करायचा, करार लिहायचा, लीगशी भांडायचा. आता त्याने तोंड उघडलं आणि त्याला एक वाक्यसुद्धा जमलं नाही. त्याने खिशातल्या गाडीच्या किल्ल्या वाजवल्या आणि तो निघून गेला.

मारामाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "डेब, लीगला फोन कर. आत्ताच. लपवलं तर आपणही त्याच्यातच." मग ती नीलांबरीकडे वळली. "आणि तू उद्या लवकर ये. कॉर्नर्स करायचेत."

डेबने सगळ्यांसमोर फोन लावला. लीगने सांगितलं, फायनल होईल, चौकशी नंतर; तोवर सुशील टीमच्या बेंचजवळ येणार नाही. फळ्यावरचं 'नीला' कोणी पुसलं नाही.

*

शनिवारी दुपारी तिने दहावी मॅच खेळली.

गोलच्या मागे जिथे मराठी मंडळाची वीसेक कुटुंबं दर मॅचला ढोल घेऊन उभी राहायची, तिथे त्या दिवशी वरुण आणि ऋग्वेदा दोघंच होते. शुक्रवारी संध्याकाळीच मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, 'काही लोकांना माणसं जोडता येत नाहीत', आणि त्याला सत्तावीस अंगठे आले होते. वरुणने ते वाचून ग्रुप सोडला. बायकोला सांगितलंही नाही, तिला सकाळी मुलीकडून कळलं. नीलांबरीने त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघितलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. नुसता राग आला. आरत्या म्हणायला एवढे असतात, आणि इथे दोन माणसं.

त्या रागावर ती खेळली. पहिल्या अर्ध्या तासात तिने तीन पेनल्टी कॉर्नर अडवले, एक तर हेल्मेटवर घेतला. केटने एक गोल केला. शेवटच्या सात मिनिटांत ऑकलंडच्या टीमने दोन केले. दुसरा गोल तिच्या उजव्या पायाखालून गेला. सरळ, अडवता येण्यासारखा चेंडू होता आणि तिने तो सोडला. एक विरुद्ध दोन. फायनल गेली.

ड्रेसिंग रूममध्ये ती पॅड्स न काढता दहा मिनिटं बसून राहिली. कोणी येऊन सांत्वन केलं असतं तर ती खेकसली असती. पण तो गोल तिचा होता. तिने खाल्लेला होता, दुसऱ्या कोणी तिच्या नावावर चढवलेला नव्हता. पुढच्या वर्षी तिला कोणी घेणार नाही, हेही तिला पक्कं कळत होतं. कॅप कापली जाणार, केट जाणार, आणि बोट तिच्याकडे दाखवलं जाणार.

ती बॅग घेऊन बाहेर आली तर पार्किंगमध्ये सुशील उभा होता. टीमचं जॅकेट नव्हतं. वाऱ्याने केस उडत होते आणि तो थकलेला दिसत होता.

"एवढं सगळं करून काय मिळवलंस?" तो म्हणाला. मराठीतच. "हरलीस ना शेवटी?"

"हो, हरले," ती म्हणाली. "बेंचवर बसून नाही हरले."

"चार हात लागतात माणसाला परदेशात. आज ना उद्या लागतील तुला."

"लागतील. तेव्हा कागद आधी वकिलाला दाखवीन."

तिने बॅगेची चेन उघडली आणि डबा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो सवयीने घेतला, दोन्ही हातांनी, काहीतरी भरलेलं असेल अशा बेताने, आणि डबा हलका लागल्यावर त्याचे हात थोडे वर गेले. त्याने झाकण उघडून बघितलं. 

"वहिनींना सांगा," नीलांबरी म्हणाली, "स्वच्छ घासून दिलाय."

आणि ती वरुण गाडी लावून थांबला होता तिकडे चालायला लागली.